एकतीस नंबरची वायर

३ मार्च, सोमवार

प्रशासकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं, तेव्हा वाटलं, गेली नोकरी. तसं नव्हतं. गेल्या महिन्यात कोणीतरी घरचा लॅपटॉप आणून हॉस्पिटलच्या भिंतीतल्या सॉकेटला जोडला, त्यातून व्हायरस शिरला आणि दोन दिवस सगळे रिपोर्ट हाताने लिहावे लागले. तो राग त्यांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. म्हणाले, "मॅडम, कोणीही उठावं आणि वायर खुपसावी हे यापुढे बंद. कोण कुठे काय जोडतंय ते दिसलं पाहिजे, आणि ओळख पटल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही. महिनाअखेर करून दाखवा. हॉस्पिटल बंद न पाडता जमलं तर तुमची कायम नेमणूक. नाहीतर बाहेरची कंपनी बोलावतो."

तीन वर्षं करारावर आहे मी. दर मार्चला जीव टांगणीला लागतो. हो म्हणून बाहेर आले.

५ मार्च, बुधवार

सासूबाईंनी विचारलं, "एवढं काय करायचंय तुला?" त्यांना समजावताना माझंही डोकं जरा साफ झालं. हॉस्पिटलच्या प्रत्येक खोलीतून एकेक वायर माझ्या खोलीतल्या कपाटात येते आणि स्विच नावाच्या एका पेटीत घुसते. जिथे घुसते त्या जागेला पोर्ट म्हणतात. आजवर ही पेटी धर्मशाळा होती, येईल त्याला जागा. आता ती प्रत्येकाला विचारणार, तू कोण? उत्तर बरोबर आहे का, ते शेजारच्या सर्व्हरला विचारणार, कारण नावांची यादी त्याच्याकडे. त्याने मान डोलावली की आत.

"आणि मान नाही डोलावली तर?" सासूबाई.

"तर बाहेर."

"म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखं. चष्मा नसला की मलासुद्धा ओळखत नाही." नवरा समोर पेपर वाचत होता, हसलासुद्धा नाही.

१० मार्च, सोमवार

पहिला अर्धा भाग झाला. कोणत्या पोर्टवर काय चाललंय ते आता माझ्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दिसतं. वायर जोडली की हिरवं, काढली की राखाडी, गडबड असली की लाल. वायरमनमामांनी त्याचं नाव चुगलीबोर्ड ठेवलं. मामा इथे माझ्या आधीपासून आहेत, शिडी त्यांची आणि हुकूम माझा, असं आमचं चालतं.

चुगलीबोर्डाने पहिल्याच दिवशी चुगली केली. पोर्ट एकतीस. ही वायर जाते जुन्या बाळंतपणाच्या वॉर्डात, आणि तो वॉर्ड डागडुजीसाठी दिवाळखोर दुकानासारखा बंद आहे. गवंडी येऊन भिंत फोडून गेले ते परत फिरकलेच नाहीत. तरी दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकतीस हिरवं झालं आणि सुट्टी संपताना राखाडी. नुसतं हिरवं नाही, भरपूर माहिती जात-येत होती, व्हिडिओ चालू असल्यासारखी.

म्हणजे व्हायरसवाला हाच. अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली. तीन वर्षांत पहिल्यांदा इथे कोणाला तरी पकडायची संधी आली.

१२ मार्च, बुधवार

काल आणि आजही एकतीस हिरवं, त्याच वेळेला. बंद वॉर्डाची किल्ली कोणाकडे असते म्हणून भिंगरीला विचारलं. भिंगरी म्हणजे बाळंतपणाच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर आणि इथली माझी एकुलती एक मैत्रीण. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते म्हणून मी ठेवलेलं नाव, आता डॉक्टरसुद्धा तेच म्हणतात. ती म्हणाली, "किल्ली खिळ्यालाच असते गं. कोणीही नेतं." इनचार्ज असून इतका ढिसाळपणा. मी तसं तोंडावर म्हटलं. ती नुसती हसली.

तिचं मला वेगळंच खुपतंय. आम्ही रोज माझ्या खोलीत, थंड हवेत डबा खायचो. गेले दोन आठवडे ती येत नाही. ॲसिडिटी झालीय म्हणे, दुपारचं जेवण बंद केलंय. मी म्हटलं, जेवू नकोस, नुसती बस. तर म्हणे वॉर्डात काम आहे. मी एकटी स्विचच्या तोंडाकडे बघत जेवते.

तिचं दुःख मला ठाऊक नाही असं नाही. नवरा चार वर्षं दुसऱ्या शहरात, इथे ती, सासू आणि पाच वर्षांची मुलगी. तिकडच्या हॉस्पिटलमध्ये लागायचं तिच्या फार मनात होतं. पण गेल्या वर्षी एका सिस्टरने बाहेर अर्ज केल्याचं प्रशासकांना कळलं, तिची तिकडे निवडही झाली नाही आणि इथे तिला सलग रात्रपाळ्या लावल्या, तेव्हापासून भिंगरीने कानाला खडा लावला. "आता नाही गं अर्जबिर्ज करत," असं मला स्वतः म्हणाली होती.

१३ मार्च, गुरुवार

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुझी मैत्रीण दुपारी नसते आणि तो चोरही दुपारीच येतो?"

मी म्हटलं, "अहो आई, दुपारी सगळ्यांचीच सुट्टी असते."

"असं होय," म्हणाल्या आणि निवडत राहिल्या. सिरियल बघून बघून त्यांना सगळीकडे कारस्थानं दिसतात.

१७ मार्च, सोमवार

सर्व्हरवर सगळ्यांची नावं चढवून झाली. ओळख तपासायचं काम गुरुवारी दुपारी एकला चालू करणार. ओपीडी तेव्हा रिकामी होते, वर्दळ कमी.

भिंगरी आज आपणहून खोलीत आली, बसलीसुद्धा. बरं वाटलं. मी तिला माझा बेत सांगून टाकला. ओळख नसेल त्याला सगळी पोर्टं बंद करणार, एकतीस मात्र मुद्दाम उघडं ठेवणार. चोराला वाटेल अजून कोणाला काही कळलेलं नाही. मग मामांना वॉर्डाच्या दारात उभं करायचं आणि मुद्देमालासकट धरायचं.

ती म्हणाली, "गुरुवारीच धरणार?"

"का नाही?"

"अगं, गुरुवारी तुझ्या इथे एवढी धांदल. मामा तुला हाताशी लागतील. शुक्रवारी धर की. चोर कुठे पळून चाललाय?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिचं डोकं चालतं. मग तिने विचारलं, "पण गुरुवारी एक वाजता ते एकतीस नक्की चालू असेल ना?"

"असेल. शब्द देते."

"मधेच नाही ना जाणार?"

"सगळं हॉस्पिटल गेलं तरी ते जाणार नाही," मी ऐटीत म्हटलं. तिने माझ्या डब्यातला एक घास खाल्ला. ॲसिडिटी बरी दिसतेय.

१९ मार्च, बुधवार

स्विचच्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय की आधी एकाच पोर्टवर करून बघा, आणि सगळं नीट चालतंय याची खात्री झाल्याशिवाय सेव्ह करू नका, म्हणजे चुकलं तर पेटी बंद-चालू केली की पहिल्यासारखं होतं. ही पुस्तकं भित्र्या लोकांसाठी लिहिलेली असतात. तीन वर्षं मी हे कपाट सांभाळतेय.

२० मार्च, गुरुवार

आधी चांगलं ते लिहिते. प्रशासकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

आता झालं ते. एक वाजून गेल्यावर सगळ्या पोर्टांना एका दमात हुकूम लावला, एकतीस सोडून. इंटरनेटची लाईन मागून वेगळ्या सॉकेटमधून येते, तिला हात लावायचा नव्हता. आणि हो, लगेच सेव्ह केलं. स्विचवरचे दिवे एकेक करून नारिंगी झाले. मामांना म्हटलं, "आता एकेकाची ओळख पटेल, बघा कसे हिरवे होतात." एकही झाला नाही.

फोन सुरू झाले. लॅब, आयसीयू, मग ऑपरेशन थिएटर. तिथे टेबलावर पेशंट होता आणि त्याच्या रक्ताचा रिपोर्ट लॅबच्या मशीनमध्ये अडकला होता. लॅबचा माणूस कागदावर आकडे लिहून जिन्याने धावत सुटला. मी स्विचमध्ये शिरायला गेले तर तो मलाही आत घेईना, कारण माझा पासवर्ड तपासायचं कामसुद्धा मी हौसेने सर्व्हरकडे दिलं होतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. सर्व्हर कुठे जोडलाय? त्याच स्विचच्या सात नंबरला. सगळ्यांना बाहेर काढलं त्यात त्यालाही काढलं. स्विच त्याला विचारत होता, तू कोण? तो दुसऱ्यांची ओळख पटवायला ठेवलेला, स्वतःची सांगायला त्याला मी शिकवलंच नव्हतं. आणि त्याच्याशिवाय बाकी कोणाचीच ओळख पटेना. पहारेकऱ्याला बाहेर ठेवून मी आतून कडी घातली होती. असला गाढवपणा आमच्या धंद्यातलीच माणसं करू जाणोत.

उघडं पोर्ट एकच होतं, एकतीस. सर्व्हरची वायर तिथे लावली की झालं. पण त्यात चोराची वायर होती आणि तिचा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. मामा म्हणाले, "मॅडम, त्या वॉर्डात कोणीतरी आहे आत्ता."

"असू दे की. चोराची वायर काढायला परवानगी लागते?" म्हटलं आणि ओढली. अगदी झोकात ओढली. सर्व्हर तिथे लावला आणि बघता बघता सगळा बोर्ड हिरवा झाला. पेशंट सुखरूप.

प्रशासकांना "किरकोळ तांत्रिक अडचण" एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." संध्याकाळी भिंगरीला सांगायला गेले तर ती लवकर घरी गेली होती. ती लवकर कधीच जात नाही.

२१ मार्च, शुक्रवार

ठरल्याप्रमाणे मामांना घेऊन बंद वॉर्डात गेले. कोणी आलं नाही. येणारही नव्हतं.

खिडकीपाशी एक स्टूल आणि त्यासमोर एक टेबल. मागे भिंत फुटलेली, विटा बाहेर आलेल्या. त्या झाकायला कोणीतरी पांढरी स्वच्छ चादर ताणून बांधली होती, म्हणजे समोरच्याला मागचा पसारा दिसू नये. चादरीचे चारही कोपरे तिरके दुमडून आत खोचलेले. असे कोपरे या हॉस्पिटलमध्ये एकच बाई घालते आणि नव्या सिस्टरांनी तसे घातले नाहीत तर पलंग पुन्हा करायला लावते.

टेबलावर पाण्याचा ग्लास होता, अर्धा प्यालेला. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, मी काही बघितलेलं नाही."

मग एकेक गोष्ट आठवत गेली. किल्ली. ॲसिडिटी. "शुक्रवारी धर की." आणि "शब्द देते" म्हणणारी मी. तोंडात मारल्यासारखं झालं. सासूबाईंना मात्र भाजी निवडता निवडता कळलं होतं.

२२ मार्च, शनिवार

वॉर्डात भिंगरी बाळांच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी शेजारी उभी राहून म्हटलं, "गुरुवारची वायर मी काढली."

"माहितीये. दुसरं कोण काढणार?"

"तू आहेस हे मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

थिएटरमध्ये पेशंट होता, मी म्हटलं. माहीत असतं तरी काढावी लागली असती. ती म्हणाली, "मग काढायलाच हवी होती. तेवढं मलाही कळतं." आणि घड्या घालत राहिली. तिने भांडायला हवं होतं.

मग सगळं सांगितलं तिने. तिकडच्या हॉस्पिटलच्या परीक्षेचा क्लास रोज दुपारी असायचा, गुरुवारी शेवटची मुलाखत. घरी इंटरनेट नाही, वॉर्डात मोबाईलला रेंज नाही, लॅपटॉप दिराचा. "हातांची स्वच्छता विचारली, अवघड बाळंतपण विचारलं, सगळं आलं. मग म्हणाले, आत्ताची नोकरी का सोडताय? मी तोंड उघडलं आणि लाईन गेली." नंतर तिने फोन केला. त्यांनी सांगितलं, मधेच उठून जाणाऱ्या उमेदवाराला आम्ही पुन्हा बोलावत नाही.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"कारण तुला बरं वाटलं नसतं."

घरी येऊन याचा विचार करतेय. इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते. तिचं जाणं हुकलं हे ऐकलं तेव्हा एक क्षण मला हायसं वाटलं. वाटलं, सोमवारपासून ती डबा खायला येईल. एकच क्षण, पण वाटलं. त्यानंतर स्वतःची इतकी किळस आली की जेवले नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं.

२४ मार्च, सोमवार

चूक माझी होती आणि शिक्षा तिला, हे मला पचेना. सकाळी भिंगरीला म्हटलं, "तिकडच्या हॉस्पिटलला मी ईमेल पाठवते, माझ्या हुद्द्याने. उमेदवार उठून गेल्या नाहीत, त्यांची लाईन मी माझ्या चुकीने तोडली, असं."

"हॉस्पिटलच्या ईमेलवरून? त्याची प्रत साहेबांना जाते."

"जाते."

"मग त्यांना माझंही कळेल. आणि तुझंही."

"तू नको म्हणालीस तर नाही पाठवत."

तिने हातातल्या बाळाला आईजवळ ठेवलं, दुपटं नीट केलं, हात धुतले. तिची हात धुण्याची रीत पुस्तकातल्यासारखी आहे, एक बोट सुटत नाही. मग म्हणाली, "पाठव. रात्रपाळ्या तर रात्रपाळ्या. मुलगी नाहीतरी रात्री झोपलेलीच असते."

पाठवलं. सातव्या पोर्टचा गाढवपणा सविस्तर लिहिला. "किरकोळ तांत्रिक अडचण" हे शब्द यावेळी वापरले नाहीत.

दुपारनंतर बोलावणं आलं. आम्ही दोघी टेबलासमोर उभ्या. प्रशासक आधी तिला म्हणाले, "सगळ्या सिस्टर निघाल्या तर सुया काय मी टोचू?" ती म्हणाली, "शिकवून जाईन, साहेब." त्यांना हसू आलं ते त्यांनी खोकून लपवलं. मग माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. "चूक कोणाचीही होते, मॅडम. पण तुम्ही ती माझ्यापासून लपवलीत आणि मी सगळ्यांसमोर तुमची पाठ थोपटली." कायम नेमणूक नाही. अजून एक वर्ष करार, मग बघू.

त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. रडू आलं, ते घरी येईपर्यंत थोपवलं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत नोकरी आहे ना? मग ठीक आहे." कधी कधी हा माणूस बरा बोलतो.

२७ मार्च, गुरुवार

तिकडून उत्तर आलं, आज पुन्हा मुलाखत घेऊ. यावेळी माझ्या खोलीत, माझ्याच टेबलावर. चादर बांधायची गरज नव्हती, पण तिने बांधली. म्हणाली, तुझ्या वायरींचं जंगल बघून मला घेणार नाहीत. लॅपटॉप दिराचाच, पण आज व्हायरस तपासून त्याचं नाव यादीत घातलं, प्रशासकांच्या सहीने. ओळख विचारली गेली, पटली, आत.

मी बाहेर दाराशी उभी राहिले, कोणी मधे घुसू नये म्हणून. दार पातळ आहे, सगळं ऐकू येतं. तिने बाळंतपणाचं उत्तर दिलं, झकास दिलं. मग समोरच्या बाईंनी विचारलं, आत्ताची नोकरी का सोडताय?

शनिवारपासून मला एवढंच जाणून घ्यायचं होतं. ती माझ्याबद्दल काही बोलेल का, का बोलणार नाही, दोन्हींची भीती वाटत होती. गेले अडीच आठवडे मी प्रत्येक वायरीवर डोळा ठेवून आहे, कोण कुठे किती वेळ, सगळं मला दिसतं. पण हे उत्तर मला सांगायचं असतं तर तिने सांगितलं असतं. मी तिथून निघाले आणि पॅसेजच्या टोकाला, लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले. मामांना तिथून खूण केली की दाराशी थांबा.

बऱ्याच वेळाने ती आली. म्हणाली, "झाली."

मी मामांना आता जा अशी खूण केली.

"होईल असं वाटतंय," ती म्हणाली.

"होऊ दे," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. आठवड्याभरापूर्वी ते मला जमलं नसतं. मग आम्ही उशिरा जेवलो, ती बरंच जेवली.

४ एप्रिल, शुक्रवार

तिला घेतलं. सकाळी वॉर्डातून जिना उतरून धावत सांगायला आली. मिठी मारली, दोघी रडलो, मामांनी शिडी उचलली आणि बाहेर गेले. पुढच्या महिन्यात मुलीला आणि स्वतःच्या सासूला घेऊन ती नवऱ्याकडे जाणार.

तिच्या जागी येणाऱ्या सिस्टरचं नाव यादीत घाला, अशी प्रशासकांची चिठ्ठी दुपारीच आली. पाच मिनिटांचं काम आहे. अजून केलेलं नाही.